माशांच्या साथीमागे नदीनदी फिरलेला माणूस : फ्रँक बकलंड

गावतळ्यात किंवा शेततळ्यात सकाळी पाच-पन्नास मासे पोट वर करून तरंगताना दिसले की आपल्याकडे पहिला संशय माणसावर जातो. कुणीतरी औषध टाकलं, कुणाची तरी जुनी खुन्नस असेल, अशी चर्चा पारावर सुरू होते. दुसरा संशय पाण्यावर, तिसरा खाद्यावर. माशालाही साथीचा रोग होतो आणि तो एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातो, हे बऱ्याचदा शेवटी सुचतं. तोवर जाळं शेजारच्या तळ्यात धुऊन झालेलं असतं आणि मेलेले मासे ओढ्यात फेकून दिलेले असतात.

हीच गोष्ट सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातही होती. तिथे माशांच्या साथीची देशपातळीवर चौकशी झाली, त्यात एक विक्षिप्त पण जिवाला जीव देणारा माणूस होता. त्याचं नाव फ्रँक बकलंड. शेवटच्या दोन वर्षांत अंगात दुखणं असताना तो माशांच्या दुखण्यामागे फिरला. रोगाचं मूळ त्याच्या हाती लागलं नाही. पण माशांच्या रोगाकडे एका तळ्याचं नाही तर साऱ्या देशाचं काम म्हणून कसं बघायचं, याची वाट त्याच्या कामातून पुढे निघाली.

अस्वल पाळणारं पोर

फ्रँक बकलंड यांचा जन्म 17 डिसेंबर 1826 रोजी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड इथे झाला. वडील विल्यम बकलंड हे धर्मगुरू आणि भूगर्भशास्त्राचे नामांकित अभ्यासक. ज्याला आज आपण डायनासोर म्हणतो, त्यातल्या मेगालोसॉरस या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन त्यांनीच 1824 साली केलं. आई मेरी यांनाही जीवाश्मांची उत्तम जाण होती, त्या त्यांची चित्रं काढायच्या.

घर म्हणजे जिवंत प्राण्यांचा गोतावळा. साप, बेडूक, ससे, पक्षी सगळं घरात. त्यातही वडिलांना एक अजब नाद होता. जगात जो जो प्राणी आहे त्याचं मांस चाखून बघायचं. पोरानेही हा नाद उचलला. पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एखादं जनावर मेलं की त्याचा तुकडा बकलंड यांच्या घरी जायचा, अशी त्यांची ख्याती झाली. पुरून ठेवलेला बिबट्या उकरून काढून त्यांनी चाखला होता आणि तो काही चांगला लागला नाही, असंही सांगून टाकलं होतं.

कॉलेजात असताना त्यांनी अस्वलाचं पिल्लू पाळलं. त्याला विद्यार्थ्यांची टोपी आणि झगा घालून ते मेजवानीला घेऊन जायचे. 1847 साली ऑक्सफर्डला शास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली, तिथेही हे अस्वल पाहुण्यांमध्ये फिरलं. शेवटी कॉलेजच्या वरिष्ठांनी अस्वलाला बाहेरचा रस्ता दाखवला.

हे सगळं वाचून माणूस नुसता छांदिष्ट वाटेल. पण या नादातून त्यांना एक सवय लागली, ती जन्मभर कामी आली. प्राणी मेला की तो का मेला, हे उघडून बघायचं. ऐकीव गोष्टीवर विश्वास टाकायचा नाही, हात घालून खात्री करायची.

डॉक्टरकी सोडून मासे

ऑक्सफर्डनंतर लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलात त्यांनी शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलं. 1854 साली राणीच्या रक्षक घोडदळात सहायक सर्जन म्हणून नोकरी लागली. पगार होता, मान होता, वेळही भरपूर मिळायचा. या वेळेत त्यांनी प्राण्यांवर लिहायला सुरुवात केली. भाषा सोपी, उदाहरणं रोजची. त्यामुळे शेतकरी, कोळी, शिकारी, बायका, पोरं सगळी त्यांचं लिखाण वाचायची.

1859 साली त्यांनी केलेलं एक काम लंडनभर गाजलं. जॉन हंटर नावाच्या थोर सर्जनला मरून साठहून जास्त वर्षं झाली होती. त्यांची शवपेटी एका चर्चच्या तळघरात कुठेतरी होती. तळघर बंद करायचं ठरलं तेव्हा बकलंड आत उतरले. दोन आठवड्यांहून अधिक काळ कुबट, घाण हवेत हजारो शवपेट्या सरकवून त्यांनी हंटर यांची पेटी शोधून काढली. ती मग वेस्टमिन्स्टर ॲबीत मानाने ठेवली गेली. बकलंड मात्र त्यानंतर चांगलेच आजारी पडले. हाती घेतलं की तब्येतीची पर्वा करायची नाही, ही खोड तेव्हाच दिसली होती.

1860 च्या सुमाराला त्यांचं लक्ष माशांकडे वळलं. माशाची अंडी माणसाने काढून, फलवून, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये उबवायची ही पद्धत फ्रान्समध्ये जोर धरत होती. बकलंड यांनी ती उचलली. लंडनच्या भर रस्त्यावर एका शेती-शिकारविषयक साप्ताहिकाच्या कचेरीच्या खिडकीत त्यांनी अंडी उबवण्याची पेटी मांडली. येणारे-जाणारे थांबून काचेतून पिल्लं बघायचे. 1863 साली त्यांनी याच विषयावर पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी सैन्यातली नोकरी सोडली.

आज आपल्याकडे मत्स्यबीज केंद्रात जे बीज तयार होतं, बोटुकली पिशवीत ऑक्सिजन भरून गावोगाव जाते, त्या साऱ्या कामाचे हे सुरुवातीचे दिवस होते.

सॅल्मन आणि चढणीचे मासे

त्यांचं मुख्य काम होतं सॅल्मन माशावर. आपल्याकडे बाजारात रावसाला कधीकधी इंडियन सॅल्मन म्हणतात, पण हा मासा वेगळा. सॅल्मन थंड देशातल्या नदीत जन्मतो, वाढायला समुद्रात जातो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. पहिल्या पावसात आपल्याकडे ओढ्याला चढणीचे मासे येतात, तसाच प्रकार, फक्त प्रवास शेकडो मैलांचा.

इंग्लंडात कारखानदारी वाढली तशा नद्या बिघडल्या. पाणचक्क्यांसाठी आडवे बंधारे घातले गेले. खाणींचं विषारी पाणी, कागद गिरण्यांची घाण, शहरांचं सांडपाणी थेट नदीत. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची संसद हैराण झाली होती. अशा पाण्यात सॅल्मन वर चढणार कसा आणि अंडी घालणार कुठे?

1861 साली सॅल्मनच्या रक्षणाचा कायदा झाला. मासेमारीला बंदीचा काळ ठरला, पाण्यात विष टाकायला मनाई झाली आणि देखरेखीसाठी सरकारी निरीक्षक नेमले गेले. 1867 साली बकलंड या पदावर आले. इंग्लंड आणि वेल्समधल्या सॅल्मनच्या नद्या आता त्यांच्या आणि त्यांचे सहकारी स्पेन्सर वॉलपोल यांच्या नजरेखाली होत्या.

बुटके, रुंद, दाढीवाले बकलंड साहेब तोंडात सिगार घेऊन नदीकाठाने फिरू लागले. साहेब असूनही गुडघाभर गार पाण्यात स्वतः उतरायचे. बंधाऱ्यावरून मासा वर जाण्यासाठी पायऱ्या कशा करायच्या, याचे नमुने त्यांनी तयार केले. एका बंधाऱ्याला अशा पायऱ्या नव्हत्या, मासे खाली अडकून उड्या मारत होते. तिथे त्यांनी माशांच्या नावाने पाटी लावली. इथून वाट नाही, खाली जाऊन दुसऱ्या फाट्याने वर जा, असा तिचा आशय. लोक हसले, पण बंधारेवाल्यांना जे कळायचं ते कळलं.

त्यांची खरी ताकद माणसं होती. नदी राखणारे राखणदार, जाळी टाकणारे कोळी, मासळीबाजारातले व्यापारी, या सगळ्यांशी त्यांची घसट. कुठे वेगळा मासा सापडला, कुठे मासे मेले, की त्यांना पत्र यायचं, कधी कधी तर मेलेला मासाच पार्सलने यायचा. लंडनमधलं त्यांचं घर वासाने ओळखू यायचं म्हणतात. आलेल्या माशाची चिरफाड व्हायची, प्लास्टरचा साचा निघायचा, रंग देऊन तो त्यांच्या मत्स्य संग्रहालयात जायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर गावपातळीवरून माहिती गोळा करण्याचं जाळं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर विणलं होतं.

1866 पासून ते स्वतःचं एक साप्ताहिकही चालवत होते. जमीन आणि पाणी असंच त्याचं नाव होतं. सरकारी अहवाल कचेरीत पडून राहतो, पण छापलेलं कोळ्याच्या घरी पोचतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

समुद्रातल्या खेकडे आणि लॉबस्टरच्या मासेमारीचीही त्यांनी चौकशी केली. किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन लोकांचं ऐकलं. 1877 साली जो कायदा झाला, त्यात 8 इंचांपेक्षा लहान लॉबस्टर आणि अंडी असलेली खेकड्याची मादी विकायला बंदी आली. लहान मासा आज सोडला तर उद्या मोठा मिळतो, हे कायद्यात उतरवण्याचं हे काम होतं.

पांढऱ्या कापसासारखी साथ

1877 च्या वसंत ऋतूत इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर वेगळंच संकट आलं. एस्क आणि निथ या नद्यांत सॅल्मन मरू लागले. माशाच्या डोक्यावर, परांवर, शेपटीवर पांढऱ्या कापसासारखे डाग दिसायचे. डाग वाढत जायचे, कातडी सडायची, मासा आंधळ्यासारखा काठाला येऊन आपटायचा आणि मरायचा. पुढच्या वर्षांत ईडन आणि ट्वीड या नद्यांतही हेच सुरू झालं. राखणदार मेलेले मासे काठीने ओढून काढायचे आणि खड्ड्यात पुरायचे. पुरून संपत नव्हते इतके निघत होते.

यात एक सरकारी अडचण होती, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. एस्क नदी उगम पावते स्कॉटलंडात आणि समुद्राला मिळते इंग्लंडात. ट्वीडचा काही भाग तर सीमेवरूनच वाहतो. इंग्लंडचा सॅल्मनचा कायदा वेगळा, स्कॉटलंडचा वेगळा. निरीक्षकही वेगळे. एका काठावर साथीचा बंदोबस्त केला आणि दुसऱ्या काठावर काहीच नाही, तर उपयोग काय? रोगाला तर सीमा माहीतच नव्हती.

म्हणून दोन्हीकडच्यांची मिळून चौकशी समिती झाली. बकलंड, वॉलपोल आणि स्कॉटलंडचे अधिकारी आर्चिबाल्ड यंग असे तिघे. त्यांनी नदीकाठच्या कोळ्यांना, राखणदारांना, जमीनमालकांना आणि शास्त्रज्ञांना बोलावून साक्षी घेतल्या. साथ कधी दिसली, आधी कुठल्या नदीत, पाणी किती होतं, थंडी किती होती, मासे किती दाट होते, वर कारखाना आहे का, बंधारा आहे का, असं सगळं विचारलं.

उत्तरं मात्र जुळेनात. कुणी म्हणायचं घाण पाण्याने झालं. पण काही स्वच्छ नद्यांतही रोग होता आणि काही घाण नद्यांत नव्हता. कुणी बंधाऱ्याखाली अडकलेल्या माशांच्या गर्दीवर बोट ठेवायचं. कुणी म्हणायचं पाणी कमी झालं म्हणून. माशावरची पांढरी वाढ सॅप्रोलेग्निया नावाच्या बुरशीची आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं. पण ही बुरशी तर गोड्या पाण्यात एरवीही असते. मग याच वर्षी ती इतकी का माजली, याला उत्तर नव्हतं.

1880 साली समितीचा अहवाल आला. एका कारणावर बोट ठेवता आलं नाही. पण कुठल्या नदीत कधी काय झालं याची दोन्ही देशांची नोंद पहिल्यांदा एका जागी आली.

शेवटचा हिवाळा

या काळात बकलंड यांचं शरीर थकलं होतं. वर्षानुवर्षं भर थंडीत, बर्फासारख्या पाण्यात उभं राहून त्यांनी माशांची अंडी गोळा केली होती. सॅल्मन अंडी घालतो तोच हिवाळ्यात, त्यामुळे हे काम उन्हाळ्यावर ढकलता येत नसे. छातीचं दुखणं, अंगावर सूज, यांनी ते बेजार झाले. तरी अहवाल लिहिणं आणि पत्रांना उत्तरं देणं थांबलं नव्हतं.

19 डिसेंबर 1880 रोजी, चोपन्नावा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनी, ते गेले. मूलबाळ मागे राहिलं नव्हतं, एकुलता मुलगा लहानपणीच वारला होता. मृत्युपत्रात त्यांनी आपला माशांचा संग्रह देशाला दिला. शिवाय पत्नीच्या पश्चात 5,000 पौंड मासेपालनावरच्या व्याख्यानांसाठी वापरावेत असं लिहून ठेवलं. ही व्याख्यानं पुढे खरोखर सुरू झाली. त्यांच्या संग्रहातल्या काही वस्तू आज स्कॉटलंडमधल्या एका मत्स्य संग्रहालयात बघायला मिळतात.

त्यांच्यानंतर काय झालं

त्यांच्या जागेवर 1881 साली थॉमस हेन्री हक्सले आले. डार्विनची बाजू हिरिरीने मांडणारे म्हणून हक्सले जगाला माहीत आहेत. बकलंड स्वतः डार्विनचं म्हणणं मानत नव्हते, पण खुर्ची आली ती हक्सलेंकडे, आणि माशांची साथही. हक्सले यांनी बुरशीचा बारकाईने अभ्यास केला. आजारी सॅल्मनवरची बुरशी मेलेल्या माश्यांवर वाढवून दाखवली. तिचे धागे माशाच्या जिवंत कातडीत घुसतात हेही दाखवलं. बुरशीच खरी गुन्हेगार, असं वाटू लागलं.

पण 1903 साली ह्यूम पॅटरसन या संशोधकाने वेगळीच बाजू पुढे आणली. माशाला आधी जिवाणूचा संसर्ग होतो आणि बुरशी नंतर त्या जखमेवर बसते, असं त्यांचं म्हणणं. 1960 च्या दशकात अशीच साथ आयर्लंड आणि ब्रिटनच्या नद्यांत पुन्हा आली, तेव्हाही मूळ कारणावर एकमत झालं नाही. जे डोळ्याला दिसतं तेच रोगाचं मूळ असेल असं नाही. कपाशीचं पान लाल पडलं की ते तुडतुड्याने पडलं, मॅग्नेशियमच्या कमतरतेने की थंडीने, हे पान बघून लगेच सांगता येत नाही, त्यातलाच प्रकार.

बकलंड यांच्या कामाची आणखी एक बाजू आहे, तीही सांगायला हवी. परदेशातले प्राणी आणि मासे इकडून तिकडे न्यावेत, या विचाराचे ते मोठे पुरस्कर्ते होते. 1864 साली बर्फात आणि शेवाळात बांधून माशांची अंडी जहाजाने थेट टास्मानियाला गेली. त्यातली ट्राउटची अंडी पुरवण्यात बकलंड यांचा हात होता. तिकडे ट्राउट रुजला, सगळीकडे कौतुक झालं. पण अंड्याबरोबर, माशाबरोबर, पाण्याबरोबर रोगही प्रवास करतो, हे त्या काळी कुणाच्या ध्यानात नव्हतं. जंतूंमुळे रोग होतो हा विचारच तेव्हा नवा होता. त्यांची उमेद खरी होती, पण त्या वाटेवर धोकाही होता.

तो धोका पुढच्या पिढीला नीट कळला. फुरुनक्युलोसिस या गळवांच्या रोगाने ट्राउट आणि सॅल्मन मरू लागले, तेव्हा ब्रिटनमध्ये 1929 साली खास समिती बसली. तिने काही वर्षं काम केलं आणि त्यातून 1937 साली माशांच्या रोगांचा स्वतंत्र कायदा झाला. सॅल्मन जातीचा जिवंत मासा बाहेरून आणायला बंदी आली. अंडी आणायची तर परवाना लागू लागला. रोग आढळला की तो भाग बाधित म्हणून जाहीर करायचा आणि तिथून माशांची ने-आण थांबवायची, असे अधिकार सरकारला मिळाले. 2022 साली लम्पीची साथ आली तेव्हा आपल्याकडे जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. माशांसाठी तसाच नियम तिथे 1937 साली लिहिला गेला.

आपल्या पाण्यापर्यंत

हे सगळं लांबच्या थंड देशातलं वाटेल, पण धागा आपल्या तळ्यापर्यंत येतो. 1988 साली ईशान्य भारतात ईयूएस नावाचा व्रणांचा रोग शिरला आणि तिथून देशभर पसरला. मरळ, खवली असे कितीतरी मासे त्यात मेले. अंगावर लाल डाग, मग खोल जखमा. हा रोग करणारा ॲफॅनोमायसिस नावाचा जीव बकलंड यांच्या काळातल्या सॅप्रोलेग्नियाचा जवळचा भाऊबंद आहे. दोघेही एकाच गटातले, बुरशीसारखे दिसणारे. लोकांनी मासे खाणं सोडलं, बाजार पडला, मच्छिमारांचे हाल झाले. त्यानंतर 1994 च्या सुमाराला किनाऱ्यावरच्या कोळंबी तलावांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि कित्येकांचे तलाव एका हंगामात बसले.

या दोन फटक्यांनंतर आपल्याकडेही देशपातळीवर विचार सुरू झाला. 2009 साली व्हॅनामी कोळंबीला परवानगी देताना बाहेरून येणारी मातृकोळंबी आधी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात ठेवायची, असा नियम झाला. 2013 साली जलचर प्राण्यांच्या रोगांवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे त्याचं समन्वयाचं काम आहे. 2023 साली माशांचा रोग मोबाइलवरून कळवण्याचं ॲपही केंद्र सरकारने आणलं. बकलंड साहेबांना पार्सलने मेलेला मासा यायचा, आता फोटो जातो. काम तेच.

पण ॲप असो की कचेरी, सुरुवात तळ्याच्या काठावरच्या माणसापासून होते. राखणदाराने कळवलं नसतं तर बकलंड यांना एस्क नदीतली साथ लंडनमध्ये बसून दिसली नसती. तालुक्यातल्या मच्छिमार संस्थेने, शेततळेवाल्याने मासे मेल्याचं जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवलं नाही, तर राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नोंदीत त्या तळ्याची जागा कोरीच राहणार. आणि कोरी जागा म्हणजे तिथे रोग नाही, असाच अर्थ वर लावला जातो.

कळवायला लाज वाटते, हे खरं आहे. रोग आहे म्हटलं की गिऱ्हाईक तुटेल, पुढचा ठेका जाईल, अशी भीती असते. ट्वीडच्या काठावरच्या कोळ्यांनाही पोटाची भीती होतीच. मासा दूषित म्हटला की बाजार संपला. तरी त्यांनी समितीपुढे बसून काय पाहिलं ते सांगितलं. म्हणून आज ती नोंद उरली आहे.

जाणकार सांगतात त्यात अवघड काही नाही. मेलेले मासे ओढ्यात न टाकता पाण्यापासून लांब खड्डा करून चुना टाकून पुरायचे. एका तळ्यातलं जाळं धुऊन, कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात घालायचं नाही. स्वस्त मिळालं म्हणून कुठलंही बीज आणायचं नाही. साथ असलेल्या तळ्यातले मासे किंवा पाणी दुसरीकडे न्यायचं नाही. आणि मासे मरायला लागले त्या दिवसाची तारीख, पाण्याची स्थिती, किती मेले, अंगावर काय दिसलं, एवढं वहीत लिहून ठेवायचं.

बकलंड यांच्याकडे ना प्रतिजैविक होतं, ना प्रयोगशाळेतली तपासणी. वही होती, पत्रं होती आणि पाण्यात उतरायची तयारी होती. तेवढ्यावर त्यांनी दोन देशांच्या नद्यांची साथ एका अहवालात मांडली. ज्या रोगाचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट सापडलं नाही, त्याच्या चौकशीपासून निघालेली वाट सत्तावन्न वर्षांनी कायद्यापर्यंत पोचली.